लाल ठिपका आधी

गेल्या मंगळवारी केबलचा मुलगा दारात उभा राहिला. "काकी, वायर बदलायची आहे. आता फायबर येणार. बॉक्सपण नवा." किती वेळ लागेल म्हटलं, तर म्हणाला, दहा मिनिटं.

वायर ओढून बॉक्स जोडायला दहा मिनिटं पुरतात, हे खरं आहे. पण दहा वर्षांपूर्वी पहिला बॉक्स आला तेव्हा आमच्या आईला तो चालवता यायला सव्वा महिना लागला होता. तो सव्वा महिना ना सरकारच्या हिशेबात होता, ना कंपनीच्या. आमच्या सांगली जिल्ह्यातल्या विट्यात घराघरानं तो आपल्या पदरचा घातला. आज लिहायचं आहे ते त्या सव्वा महिन्याबद्दल.

आधी तारखा. १९९५ च्या केबल कायद्यात २०११ साली दुरुस्ती झाली आणि देशभरची केबल चार टप्प्यांत डिजिटल करायची असं ठरलं. पहिल्या टप्प्यात मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, मुदत ३१ ऑक्टोबर २०१२. दुसऱ्यात ३८ शहरं, त्यात पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर. मुदत मार्च २०१३ ची अखेर. तिसऱ्यात उरलेली सगळी शहरं नि गावं, जिथं नगरपालिका आहे ती. मुदत ३१ डिसेंबर २०१५. चौथ्यात खेडी. त्यांची मुदत सरकत सरकत ३१ मार्च २०१७ वर गेली. विट्याला नगरपरिषद आहे, म्हणून आम्ही तिसऱ्यात. लेंगरे, भाळवणी, आळसंद चौथ्यात. एकाच तालुक्यात, एकाच रस्त्यावर, हद्दीच्या पाटीच्या अलीकडं बॉक्स आणि पलीकडं जुनी वायर. सव्वा वर्ष हे असं चाललं. सणाला भाळवणीहून आलेली मावशी आमचे दोन रिमोट बघून म्हणाली, "बया, आमचं बरं हाय अजून." तिलाही ते चुकलं नाहीच.

काही राज्यांत प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, मुदती पुढंमागं झाल्या. आमच्या गल्लीत मात्र बॉक्स आला तो २०१६ च्या जानेवारीत, पहिल्याच आठवड्यात. पैसे रोख, वर एक फॉर्म, फोटो आणि ओळखपत्राची झेरॉक्स. ज्या घरात वीस वर्षं टीव्ही चालला त्या घराला आता टीव्ही बघायला ओळखपत्र लागलं.

जुन्या केबलचं एक होतं. बिघडायची तरी बेताबेतानं बिघडायची. कंट्रोल रूममधून निघालेली वायर खांबाखांबावरून जायची, मध्येमध्ये तिला जोर द्यायला ॲम्प्लिफायर असायचे, आणि तरी टोकाच्या घरापर्यंत जोर ओसरलेला असायचा. आमचं घर टोकाकडून तिसरं. पडद्यावर मुंग्या यायच्या, पण मुंग्यांच्या आड 'जय मल्हार' मधला खंडोबा दिसायचा, बोललेलं सगळं ऐकू यायचं. आई त्या मुंग्यांसकट बघायची आणि तिला काही कमी वाटायचं नाही. डिजिटलमध्ये मधलं काही नसतं. सिग्नल पुरेसा आहे तोवर चित्र आरशासारखं लख्ख. जरा कमी पडला की चेहऱ्याचे चौकोन होतात, बोलणं तुटतं, तोंड उघडं राहून माणूस गोठतो. मग पडदा निळा होतो आणि त्यावर इंग्रजी अक्षरं येतात. आई मराठी चौथी शिकलेली. तिला वाटलं टीव्हीच गेला. तिनं तो बंद केला, वर कापड घातलं आणि संध्याकाळी मी शाळेतून येईपर्यंत गप्प बसून राहिली. टीव्ही आपल्या हातून मोडला, या धाकानं.

हा धाक मी विसरलेले नाही. बॉक्सची किंमत सगळ्यांनी मोजली, या धाकाची कुणी मोजली नाही.

आता रिमोट. आधी एक होता, आता दोन. टीव्हीच्या रिमोटनं टीव्ही लागतो, पण वाहिनी बदलत नाही. बॉक्सच्या रिमोटनं वाहिनी बदलते, पण टीव्ही लागत नाही. आणि टीव्हीच्या रिमोटवरचं वाहिनीचं बटण चुकून दाबलं गेलं, तर टीव्ही बॉक्सला सोडून भलतीकडं जातो. मग त्याला परत 'एव्ही'वर आणायचं. हे 'एव्ही' म्हणजे काय, हे शिकलेल्या माणसालाही तेव्हा कुठं ठाऊक होतं? मागं पिवळी, लाल, पांढरी अशा तीन पिना. कामवाल्या बाईचा झाडू लागून पिवळी निसटली की आवाज आहे पण चित्र नाही. वीस वर्षं आईच्या बोटांना ठाऊक होतं की सातवर मालिका लागते. सातचा एका रात्रीत तीन आकडी नंबर झाला. तीन आकडे पटपट दाबायचे, मध्ये थांबलं तर पहिल्या दोन आकड्यांची वाहिनी लागते. थरथरत्या बोटांना हे जमत नाही. तिच्या वयाच्या बायकांची त्या महिन्यात गल्लीत एकच ओळख झाली होती: चुकून लागलेली तेलुगू वाहिनी मुकाट बघत बसलेली म्हातारी.

त्यात वीज. विट्यात माग आहेत, पहाटेपासून खडखडाट असतो आणि वीज येत-जात असते. शेजारच्या काकू घरी कांड्या भरतात. त्या टीव्ही बघत नाहीत, ऐकतात. हात नि डोळे कांडीवर, कान मालिकेवर. जुन्या केबलला वीज परत आली की टीव्ही लागला, संपलं. बॉक्सला आधी जागं व्हायला वेळ लागतो, आणि जागा झाल्यावर तो आपली वाहिनी लावत नाही, कंपनीला जी दाखवायची ती लावतो. म्हणजे काम सोडून उठायचं, हात पुसायचे, तीन आकडे दाबायचे, परत बसायचं. दिवसात वीज चारदा गेली तर चारदा. कांड्यांवर पैसे मिळवणाऱ्या बाईचं हे नुकसान आहे, आणि ते तिनं मुकाट सोसलं.

मग आमच्या घरी कोइमतूरहून वहिनी आली.

हे जरा सविस्तर सांगते, कारण खानापूर तालुक्याबाहेरच्या वाचकाला ते ठाऊक नसेल. विटा, खानापूर, आटपाडी या भागातली हजारो माणसं गलाईच्या धंद्यात आहेत. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून देणं हे त्यांचं काम. केरळ, तामिळनाडूपासून पंजाब, बंगालपर्यंत जिथं सराफ पेठ आहे तिथं आमच्याकडचा गलाईवाला आहे. माझा थोरला भाऊ कोइमतूरला. तिथल्या केबलवर मराठीचा एक शब्द येत नसे. दिवसभर भाऊ भट्टीवर आणि वहिनी एका खोलीत, चहूबाजूंनी तमिळ. २००७ साली त्यांनी गच्चीवर डिशची छत्री बसवली, ती निव्वळ मराठी वाहिन्यांसाठी. म्हणजे जो बॉक्स विट्यात २०१६ साली सक्तीनं आला, तो आमच्या वहिनीनं नऊ वर्षं आधी आपल्या भाषेच्या ओढीनं शिकून घेतला होता. रिचार्ज कसा करायचा, कार्ड काढून पुसून परत कसं घालायचं, पावसात चित्र गेलं तर किती वेळ वाट बघायची, सगळं तिला येत होतं. आणि हे तिला तिथं कुणी शिकवलं नव्हतं. मराठीत तर नाहीच.

पोंगलला तिकडं बाजार बंद, म्हणून ती दोघं संक्रांतीला गावी येतात. त्या वर्षी आली तेव्हा आईचा टीव्ही आठ दिवस कापडाखाली होता. वहिनीनं पर्समधून नेलपॉलिशची बाटली काढली. टीव्हीच्या रिमोटवर एका बटणाला लाल ठिपका. बॉक्सच्या रिमोटवर एकाला लाल, आवाजाच्या दोन बटणांना गुलाबी. आणि टीव्हीच्या रिमोटची बाकीची सगळी बटणं तिनं पांढऱ्या चिकटपट्टीखाली गाडून टाकली, म्हणजे चुकून दाबली जायचा प्रश्नच नाही. मग आईला म्हणाली, "आई, लाल ठिपका आधी. ह्याचा लाल, मग त्याचा लाल. मग मोजा दहा." हे दहा मोजणं महत्त्वाचं होतं. बॉक्सला वेळ लागतो हे ठाऊक नसल्यानं आई घाबरून परत परत दाबायची आणि तो परत परत बंद पडायचा. वाहिनीचा नंबर वहिनीनं टीव्हीशेजारच्या भिंतीवर लिहिला, कोळशानं, बोटाएवढ्या आकड्यांत. आई रोज संध्याकाळी म्हणायची, "थांब, मला करू दे." पाचव्या दिवशी तिनं शेजारच्या काकूंना शिकवलं. हळदीकुंकवाला आलेल्या बायका वाणाबरोबर रिमोट घेऊन यायला लागल्या. बाटली संपली तेव्हा गल्लीतल्या चौदा रिमोटांवर ठिपके होते.

वहिनी आठ दिवसांनी परत गेली. पुढचं फोनवर. कोइमतूरहून ती विचारायची, "लाल दिवा आहे का हिरवा?" आणि आई विट्यात गुडघ्यावर हात ठेवून वाकून बघायची. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा उजाडला तेव्हा आईनं फोन करायचं थांबवलं. तो सव्वा महिना हा असा.

या कायद्याच्या भाषेत एक शब्द आहे: ॲड्रेसेबल. पत्ता असलेली व्यवस्था. प्रत्येक बॉक्सला स्वतःचा क्रमांक, त्यावरून कंपनीला कळतं कुठल्या घरानं कुठल्या वाहिन्या घेतल्या आहेत, आणि पैसे थकले तर तिथूनच बंद करता येते. केबलवाले जोडण्या कमी दाखवतात, ही वाहिन्यांची आणि करमणूक कर घेणाऱ्या सरकारची जुनी तक्रार होती, आणि ती खोटी नव्हती. त्यावर हा उपाय लागू पडला, हे मला मान्य आहे. पण घराचा पत्ता कंपनीला मिळाला, कंपनीचा पत्ता घराला मिळाला नाही. आधी चित्र गेलं की केबलवाल्याच्या घरासमोर उभं राहून ओरडता यायचं. तो शिडी घेऊन यायचा, नाहीतर त्याची आई खिडकीतून सांगायची, "आलाच बघा, जेवतोय." आता एक नंबर. तिथं इंग्रजीसाठी एक दाबा, हिंदीसाठी दोन. सांगली जिल्ह्यातल्या बाईनं स्वतःच्या घरातला टीव्ही बंद पडल्याची तक्रार हिंदीत करायची? मी केली, मला येते. आईनं काय करायचं होतं?

आणखी एक गोष्ट, जिच्यावर तेव्हाही चिडले होते आणि आजही चिडते. २०१३ च्या अर्थसंकल्पात सेट टॉप बॉक्सवरचं आयात शुल्क ५ टक्क्यांवरून १० टक्के झालं. देशी कारखान्यांना बळ मिळावं हा हेतू सांगितला गेला. पण त्याच काळात कायद्यानं प्रत्येक केबलच्या घराला बॉक्स सक्तीचा होत होता. सक्ती करायची आणि सक्तीच्या वस्तूवर शुल्क दुप्पट करायचं, हे चूक होतं. त्याला दुसरा शब्द नाही.

ब्रिटननं काय केलं ते बघा. तिथं जुनं प्रक्षेपण २००७ साली व्हाइटहेवन या लहान गावापासून बंद होत गेलं आणि २४ ऑक्टोबर २०१२ रोजी उत्तर आयर्लंडमध्ये शेवटचं बंद झालं. आपल्या मुंबईच्या मुदतीच्या बरोबर आठवडाभर आधी. त्यांच्याकडे ७५ वर्षांवरच्या आणि अपंग माणसांसाठी मदत योजना होती. बीबीसी ती चालवत होती, पैसा टीव्ही परवान्याच्या शुल्कातून. माणूस घरी यायचा, बॉक्स बसवायचा, समोर बसून चालवून दाखवायचा, आणि पुढं अडलं तर विचारायला फोन होता. गरिबांना फुकट, इतरांना ठरावीक रक्कम. जपाननं २४ जुलै २०११ ला जुनं प्रक्षेपण बंद केलं, पण मार्चच्या भूकंपात उद्ध्वस्त झालेल्या तीन प्रांतांना मार्च २०१२ पर्यंत थांबू दिलं. तिकडचा मामला हवेतल्या प्रक्षेपणाचा, आपला वायरीचा. तिकडं पैसा जास्त, माणसं कमी. हे सगळे फरक मला ठाऊक आहेत. पण म्हातारं माणूस नवं यंत्र एकट्यानं शिकू शकत नाही, हे समजायला श्रीमंत देश असावं लागत नाही. ते त्यांनी कागदावर मांडलं. आपण मांडलं नाही. आपल्याकडं ती योजना वहिनीच्या पर्समध्ये होती.

भावाभावांच्या घरांचंही सांगायला हवं. जुन्या वायरीला एक स्प्लिटर लावला की एकाच जोडणीवर थोरल्याचा नि धाकट्याचा टीव्ही चालायचा. वाटण्या झालेल्या घरांतसुद्धा ती एक वायर सामाईक राहिली होती. बॉक्सनं ती तोडली. प्रत्येक टीव्हीला वेगळा बॉक्स, वेगळे पैसे. आमच्या मागच्या वाड्यात धाकट्यानं बॉक्स घेतला नाही. त्याची पोरं थोरल्याकडं टीव्ही बघायला जायला लागली आणि परीक्षेच्या दिवसांत त्यावरून दोन्ही जावांचं बोलणं बंद झालं. दुसऱ्या टीव्हीसाठी नेटवर्कचं शुल्क ४० टक्क्यांहून जास्त घेऊ नये, असं दूरसंचार नियामक 'ट्राय'नं सांगितलं ते २०२० साली. तोवर चार वर्षं झाली होती.

मध्ये २०१९ आलं. १ फेब्रुवारीपासून प्रत्येकानं आपापल्या वाहिन्या निवडायच्या आणि तेवढ्याचेच पैसे द्यायचे. कल्पना चांगली होती. पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी नेटवर्कचे १३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. सशुल्क वाहिन्यांचे पैसे त्याच्या वर. १९ रुपयांपेक्षा महाग वाहिनी गठ्ठ्यात घालता येणार नाही असा नियम झाला, तर बऱ्याच लोकप्रिय वाहिन्यांच्या किमती नेमक्या १९ वर येऊन बसल्या. आमच्याकडं आलेला फॉर्म दोन पानी, इंग्रजीत, बारीक टायपात. निवडीचा हक्क दिला आणि निवडायचा कागद वाचता येणार नाही असा दिला. गल्लीतल्या निम्म्या घरांनी सही करून कोराच परत केला. "तूच भर बाबा, मालिका दिसल्या पायजेत." केबलवाल्यानं भरला. त्यानं वाईट भरला असं म्हणत नाही. पण निवड त्याची झाली, घराची नाही. शेवटी 'ट्राय'नं मुदत ३१ मार्चपर्यंत वाढवली.

वस्तीवर राहणाऱ्यांनी आपला मार्ग वेगळा काढला. मळ्यातल्या घरापर्यंत केबल कधी गेलीच नव्हती. तिथं दूरदर्शनची फुकट डिश, २००४ सालापासूनची. एकदा छत्री घेतली की महिन्याला काही नाही. खानापूरच्या माळावर फिरलात तर पत्र्याच्या घरांवर आग्नेयेकडं तोंड करून बसलेल्या त्या छत्र्या दिसतील. पण १ मार्च २०१९ ला मोठ्या कंपन्यांच्या मनोरंजनाच्या वाहिन्या त्या फुकट डिशवरून निघून गेल्या. वस्तीवरच्या बायकांना कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या शाळेत आहार शिजवणाऱ्या मावशी मला विचारत होत्या, "बाई, छत्री हलली असंल काय?" नवरा दोनदा पत्र्यावर चढून आला होता.

मिळालं काहीच नाही असं नाही. चित्र स्वच्छ झालं. आई आता कीर्तनाची वाहिनी बघते, ती जुन्या केबलवर नव्हती. गेलं तेही सांगते. दसऱ्याला विट्यात पालख्यांची शर्यत होते. गर्दीत ज्यांना जाता येत नाही त्या म्हाताऱ्या माणसांना तिचं चित्रण गावच्या केबलवर बघायला मिळायचं. कंट्रोल रूम गावात होती, कॅसेट नेऊन दिली की लागायची. डिजिटल झाल्यावर सिग्नल मोठ्या शहरातून यायला लागला आणि आमच्या बॉक्सवर ती शर्यत दिसेनाशी झाली. आता नातू मोबाइलवर दाखवतो, तळहाताएवढी. आई म्हणते, "पालखी कुठली नि माणसं कुठली, काय कळत न्हाई."

तर मंगळवारी त्या मुलाला मी म्हटलं, "दहा मिनिटं तुझी. पुढचा अर्धा तास आईचा. बसशील?" तो खरं बोलला. त्याला जोडणीमागं पैसे मिळतात, बसण्याचे मिळत नाहीत, आणि त्या दिवशी अजून नऊ घरं होती. त्याच्यावर माझा राग नाही. कंपनीनं जोडणीमागं त्याला अर्ध्या तासाचे पैसे जास्त दिले, तर तो बसेल. मी एवढंच मागते आहे, आणि ते महाग नाही.

त्यानं बॉक्स लावला. नवा रिमोट काळा, गुळगुळीत, बटणं अर्धीच. आई आता चौऱ्याऐंशीची आहे. तिनं तो हातात घेऊन उलटासुलटा केला, मग कपाटाशी गेली आणि खणातून नेलपॉलिशची बाटली घेऊन आली. वहिनीनं मागच्या संक्रांतीला ठेवलेली.

पोरगा दाराशी चप्पल घालत होता. थांबला, परत आत आला, बाटली हातात घेतली.

"आजी, लाल कुठं लावू?"